डावी कड

११ जून

मामा,

वाकून नमस्कार केलाय असं समज. प्रत्यक्षात खुर्चीतूनच लिहितेय, कारण आज पाठीने संप पुकारलाय.

"तू दिवसभर नक्की करतेस काय, चित्रं काढतेस की यंत्रं दुरुस्त करतेस?" असं तू विचारलंस, तेही मला नोकरीला लागून इतकी वर्षं झाल्यावर. तर ऐक. सध्या आम्ही एका हॉस्पिटलचा पडदा करतोय. बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटना आपलं नाव, खोली आणि नंबर दिसावा म्हणून भिंतीवर मोठी स्क्रीन लागणार आहे. तिच्यावर काय लिहायचं ते हॉस्पिटल ठरवतं. कुठे लिहायचं, कशाखाली काय यावं, ते मी ठरवते. आमच्यात याला अलाइनमेंट म्हणतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर गाड्या लावणं. दहा गाड्या एका रेषेत लावल्या की अकराव्याला जागा सांगावी लागत नाही. तशीच ओळींची डावी कड एका रेषेत धरली की डोळा एक ओळ संपवून न चुकता पुढच्या ओळीच्या तोंडाशी परत येतो. वाचणाऱ्याला कळतही नाही की कुणीतरी त्याचा हात धरलाय.

आमच्या साहेबांना मात्र सगळं मधोमध हवं. "मधोमध कसं भारदस्त दिसतं!" दिसतं ना, पण प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि तापाने फणफणलेला माणूस आपलं नाव शोधत बसतो. यावरून आमची रोज जुंपते.

आता तुझ्याकडे वळते. तुझं पत्र म्हणजे गर्दीची बस. या काठापासून त्या काठापर्यंत अक्षरं कोंबलेली, काही तर दारात लटकलेली. डावीकडे बोटभर समास सोड आणि सगळ्या ओळी तिथूनच सुरू कर. मला गाडी शिकवताना "रेषेत, रेषेत" म्हणून तू माझं डोकं खाल्लंस, आता माझी पाळी.

मामी ताईच्या बाळंतपणाला गेल्यामुळे घरात तू आणि रेडिओ. फोनवर तू "हं, ठेव आता" याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्रातच विचारते. वेळेवर जेवतोस ना?

तुझी फूटपट्टी


२० जून

फूटपट्टीबाई,

आशीर्वाद. मोजून घ्या, कमी भरले तर कळवा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे ओळी नीट लावायच्या आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा. मी जन्मभर माणसं आणि गाड्या रेषेत ठेवतोय, मला कुणी साहेब मिळाला नाही. हे बघ, समास सोडलाय. खूश?

जेवण एका बाईंच्या डब्याचं आहे. बरी बनवतात. पण परवा म्हणाल्या, "निम्मं परत पाठवता, आवडत नाही का?" मी म्हटलं, बाई, मी ताट चाटूनपुसून संपवतो. त्यांचा दुसऱ्याच कुणाशी घोळ झाला असणार.

क्लासला गाडी शिकायला एक नवीन बाई येतात. कोपऱ्यावर शिवणाचं दुकान आहे त्यांचं. शिंपीणबाईंचा हात शिवणयंत्रावर वाऱ्यासारखा चालतो, पण स्टिअरिंग धरलं की बोटं पांढरी पडतात. मी शेजारी बसतो, माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे, तो दाखवून सांगितलं, "बाई, तुम्ही निम्मं घाबरा, उरलेलं माझ्याकडे द्या." तेव्हा हसल्या.

घर जुनं झालं, चौकटी सरकायला लागल्या. स्वयंपाकघराच्या दारात खांदा रोज आपटतो. मामी आली की सुताराला बोलावू.

मामा


२९ जून

मामा,

समास पाहिला आणि मान ताठ झाली! बोटभर मागितला, तू चांगला तीन बोटं दिलास. पत्र टेबलासमोरच्या भिंतीवर लावलंय. ऑफिसातली मंडळी विचारतात, मी सांगते, माझा विद्यार्थी आहे, उशिरा सुरुवात केली पण हुशार आहे.

आता दुसरा धडा. शब्द डाव्या कडेला धरायचे, पण आकडे उजव्या कडेला. म्हणजे एककाखाली एकक येतं, दशकाखाली दशक, आणि मोठा आकडा कुठला हे न वाचताच दिसतं. साहेबांना हे पटवायला दुपार गेली. शेवटी म्हणाले, "माणसं डावीकडे, आकडे उजवीकडे, मग मधे काय?" मी म्हटलं, मोकळी जागा. त्यांना वाटलं मी टोमणा मारला.

पुढच्या महिन्यात घेता येईल अशी माझी थोडी रजा शिल्लक आहे. मामी नाही तर मी आठवडाभर तुझ्याकडे राहायला येऊ का? इथला उकाडा आणि आमचे साहेब, मला दोघांचाही कंटाळा आलाय. तुझ्या हातचा चहा आणि शिव्या, दोन्हीची आठवण येते. हो म्हणालास की तिकीट काढते.

फूटपट्टी


१० जुलै

फूटपट्टी,

पत्र मिळालं. रागावलीस का माझ्यावर? पूर्वी वर "मामा" लिहायचीस. हल्ली तेवढंही नाही. एकदम मधूनच सुरुवात. वाक्यंही अशी, कुठून उगवली ते कळेना. म्हणे, दोघांचाही कंटाळा आलाय. माझा आणि मामीचा का? पोरी, आम्ही तुझं काय घोडं मारलं? धाकट्या बहिणीची एकुलती एक म्हणून तुला खांद्यावर घेऊन फिरलो. कंटाळा आला असेल तर येऊ दे, पण तोंडावर सांग, असं तुटक लिहू नको.

इथे सगळेच वेड्यासारखे वागतात. सकाळी दाढी करून बाहेर पडलो तर दूधवाला हसला. म्हणाला, "काका, अर्धीच?" हात फिरवून पाहिला तर एका गालाला खरंच खुंट. आरसा बदलायला झालाय.

शिंपीणबाई सुधारताहेत. वळण चांगलं घेतात.

मामा


१८ जुलै

मामा,

मी प्रत्येक पत्रात वर, पहिल्याच ओळीत, ठसठशीत "मामा" लिहिते. या पत्रातही लिहिलंय. चष्मा पूस आणि बघ.

आणि कंटाळा साहेबांचा आला म्हटलं होतं, तुमचा नाही! मी काय विचारलं, तू काय वाचलंस! मी तुझ्याकडे राहायला येऊ का विचारलं, त्याला ना हो ना नाही. नको असेन तर "नको" लिही, दोन अक्षरं आहेत. उगाच लहानपणीचे खांदे कशाला काढायचे? रजा मी रद्द केलीय.

ताटकळत बसण्यापेक्षा साहेबांशी भांडलेलं बरं. स्क्रीनचं काम अडलंय, हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई पुढच्या महिन्यात ती बघायला येणार आहेत.

आणि समास पुरे झाला. या वेळी तर निम्मा कागद कोरा आहे. मोकळी जागा चांगली म्हणून इतकी का सोडतं कुणी? तुला एक सांगितलं की दुसऱ्या टोकाला जायची सवयच आहे.

फूटपट्टी


२ ऑगस्ट

फूटपट्टीस,

तुझं पत्र कळलं नाही. पुन्हा मायना नाही. असो.

इथे एक गोष्ट झाली. शिंपीणबाई गाडी चालवत होत्या, मी शेजारी. चौकाच्या अलीकडे एक सायकलवाली बाई आमच्या गाडीला लागली आणि पडली. कोपर मोडलं. रस्त्यावर लोक जमले. ती कुठून आली मला कळलंच नाही, जमिनीतून उगवल्यासारखी आली. शिंपीणबाईंनी ब्रेक मारायला हवा होता. मी सगळ्यांसमोर त्यांना तसं बोललो. त्या किल्ली माझ्या हातात देऊन चालत गेल्या. शिकणं बंद केलंय त्यांनी.

सोमवारपासून दुसरा विद्यार्थी येणार आहे.

मामी म्हणते अजून महिनाभर लागेल. बाळाला रात्रीचं पोट दुखतं.

मामा


९ ऑगस्ट

                                        मामा,

                                        हे पत्र मी कागदाच्या
                                        उजव्या कडेला
                                        चिकटून लिहितेय.
                                        मुद्दाम.
                                        रागावू नको.
                                        सगळं वाच.

                                        काल फोनवर तू हसलास,
                                        "मला काय धाड भरलीय"
                                        म्हणालास आणि ठेवलास.
                                        नंतर उचलला नाहीस.
                                        म्हणून हे कुरियरने.

                                        तुझी पत्रं
                                        भिंतीवर एकाखाली एक
                                        लावली होती.
                                        हॉस्पिटलची डॉक्टरीणबाई
                                        स्क्रीन बघायला आली.
                                        तिने स्क्रीन सोडून
                                        तुझी पत्रंच बघितली.
                                        मी हसत म्हटलं,
                                        मामाला समास शिकवलाय.
                                        ती हसली नाही.
                                        तिने बोट ठेवून दाखवलं:
                                        प्रत्येक पत्राची डावी कड
                                        आधीच्यापेक्षा आत.
                                        वरची ओळ डावीकडे,
                                        खालची आणखी उजवीकडे.
                                        मी रोज बघत होते मामा,
                                        कडा बघणं हेच माझं काम,
                                        आणि मी तुला शाबासकी दिली.

                                        मग अर्ध्या ताटाचं,
                                        दाढीचं, चौकटीचं,
                                        सगळं सांगितलं तिला.
                                        ती म्हणाली,
                                        डोळे चांगले असतील,
                                        पण मेंदू डाव्या बाजूची
                                        दखलच घेत नाहीये.
                                        अशा माणसाला स्वतःला
                                        काहीच चुकत नाहीसं वाटतं.

                                        तुला पटणार नाही.
                                        मलाही पटलं नसतं.
                                        म्हणून एक कर.
                                        सोबतच्या कागदावर
                                        या कडेपासून त्या कडेपर्यंत
                                        एक आडवी रेघ आहे.
                                        पेन घे आणि तिच्या
                                        बरोबर मधोमध खूण कर.
                                        मग कागदाचा काठ
                                        काठाला लाव, घडी घाल,
                                        आणि घडी कुठे आली
                                        ते बोटाने चाचप.

                                        घडी खुणेवर आली
                                        तर मला हव्या तेवढ्या
                                        शिव्या दे.
                                        नाही आली तर
                                        गाडीला हात लावू नको,
                                        कुणाला तरी सोबत घेऊन
                                        आजच हॉस्पिटलात जा.
                                        मामीला कळवलंय.
                                        आम्ही दोघी
                                        शनिवारी पोचतो.

                                        मी फार घाबरलेय मामा.


१२ ऑगस्ट

फूटपट्टी,

हे टपालाने पाठवत नाहीये. तू आलीस की हातात देईन आणि स्वयंपाकघरात निघून जाईन. तोंडाने सांगायला जमणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा नवा विद्यार्थी दारात उभा होता. वर "मामा" दिसलं आणि बरं वाटलं, म्हटलं, पोरगी निवळली. पुढचं वाचून डोकंच फिरलं. आयुष्यभर गाड्या मागे घेऊन इंचाइंचाने भिंतीला लावल्यात मी. मला मध्य विचारतेस? रेघ बघितली, खूण केली. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. शपथेवर सांगतो, सारख्या. मग घडी घातली.

घडी खुणेजवळसुद्धा नव्हती. मी पुन्हा घातली. मग उलट बाजूने घातली. कागद तोच, काठ काठाला लागलेला, आणि घडी तिथे येत होती जिथे माझ्या मते मध्य नव्हताच. मी खुर्चीत बसलो. त्या पोराला म्हटलं, आज क्लास नाही. उद्याही नाही.

मग एकदम ती सायकलवाली आठवली. ती जमिनीतून उगवली नव्हती. ती माझ्या बाजूने आली, डावीकडून, माझ्या खिडकीशेजारून. शिंपीणबाईंनी माझ्याकडे बघितलंही होतं, कारण मीच सांगितलं होतं की उरलेलं माझ्याकडे द्या. ब्रेक माझ्या पायाखाली होता.

मी तडक त्यांच्या दुकानात गेलो. भिंतीला उजवा हात लावून चाललो, दुसरं काही सुचेना. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच बोललो, कारण ओरडलोही लोकांसमोरच होतो. सगळं सांगितलं, घडी दाखवली. त्यांनी दोरा दाताने तोडला, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाल्या, दुकानाला कुलूप घातलं आणि मला हॉस्पिटलात नेलं. वाटेत माझ्या डाव्या बाजूने चालल्या.

डोक्यात उजवीकडे गाठ आहे. लिंबाएवढी. खूप हळू वाढलेली, काढता येईल म्हणतात. निघाली तरी सगळं परत येईलच असं नाही, हेही म्हणाले.

किल्ली या पाकिटात आहे. ती तुझ्याकडेच ठेव, मी मागितली तरी देऊ नको.

मला भीती वाटते. पण भीतीपेक्षा वाईट हे आहे की मला आत्ताही सगळं जग अख्खं दिसतंय. कुठेच काही कमी नाही. जे दिसत नाही, ते नाहीसं झालंय हेही कळत नाही, तर मी शोधू काय?

मामा


१५ नोव्हेंबर

मामा,

ऑपरेशननंतर तुझ्या उशाशी बसून बोलायची सवय लागली होती, आता परत कागदावर येताना विचित्र वाटतं. पोचले. घर धुळीने भरलंय, साहेब तसेच आहेत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं ते मी मामीला लिहून दिलंय, तुलाही सांगते. कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची आणि ती दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायची. रेघ दिसली म्हणजे तिथे जग सुरू होतं. त्याआधी थांबायचं नाही, मेंदू कितीही म्हणाला की इथेच संपलं. सोबत कागदांचा गठ्ठा पाठवतेय. प्रत्येकाच्या डाव्या कडेला मी जाड लाल रेघ मारलीय, हाताने, फूटपट्टीने. मशीनवर छापता आली असती, पण माझी झोप उडाली होती आणि हाताला काम हवं होतं. आजपासून माझी पत्रंही याच कागदावर.

हॉस्पिटलच्या स्क्रीनलाही डाव्या कडेने वरपासून खालपर्यंत जाड लाल पट्टा घातलाय. साहेबांनी विचारलं, हा कशाला? खरं सांगितलं असतं तर बैठक बसली असती. मी म्हटलं, शोभेला. लगेच मंजूर.

इतकी वर्षं मी म्हणत होते की डावी कड धरली की कुणी हरवत नाही. सगळ्यांचा डोळा तिथून निघतो हे मी धरूनच चालले होते. तुझा निघत नव्हता, आणि मी वर्गात पहिला आलास म्हणून टाळ्या वाजवत होते. माझी रजा, माझा तो रुसवा, ते आठवलं की जेवण जात नाही. मी तेव्हाच आले असते तर त्या बाईचं कोपर वाचलं असतं का, हे सारखं मनात येतं. तू "येड्यासारखं बोलू नको" म्हणशील, पण येतं.

लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी फूटपट्टी


२० डिसेंबर

फूटपट्टी,

येड्यासारखं बोलू नको.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागलेत. पहिले दोन कागद बिघडले, ते मामीने लपवून ठेवलेत, तिने तुला पाठवले तर बघू नको. खालच्या ओळींना अजून रेघ हरवते. मग पेन ठेवतो, मान वळवतो, शोधतो. सापडली की पुढे. ही ओळ रेघेला लागलीय का बघ. मला लागल्यासारखी वाटते, पण माझ्या वाटण्याचं आता काही खरं नाही.

घरभर मामीने लाल चिकटपट्टी लावलीय. ताटाला, चौकटीला, आरशाला, पलंगाला. पाहुणे विचारतात. मी सांगतो, भाचीच्या ऑफिसने घर घेतलंय. डावा हात अजून माझं ऐकत नाही, बटणं मामी लावते. एक दिवस शर्टाची एक बाही तशीच लोंबत होती आणि मी बाहेर निघालो होतो, तेव्हा दारात बसून रडलो. तुला खोटं कशाला सांगू?

सायकलवाल्या बाईंना भेटायला गेलो होतो. कोपर पूर्ण सरळ होत नाही त्यांचं. भांडी घासतात, ते काम एका हाताने करतात. दर महिन्याला जायचं ठरवलंय. तुझ्या रजेने ते कोपर वाचलं नसतं, माझ्या पायाने वाचलं असतं. ते माझं आहे, तू घेऊ नको.

शिंपीणबाई परीक्षा पास झाल्या. गाडी त्यांनाच दिली. तू किल्ली पाठवलीस ती त्यांच्या हातात मीच ठेवली. मंगळवारी मला व्यायामाला नेतात. माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाकलाय, तरी चौक आला की माझा पाय खाली जातो आणि नुसत्या पत्र्यावर दाबतो. त्यांना दिसतं. गाडी हळू करतात.

एक काम केलं या आठवड्यात. तुझी जुनी पत्रं काढली, जूनपासूनची. मामीने प्रत्येकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून दिली. मी मान वळवत गेलो, वळवत गेलो, मान दुखली, म्हटलं आता काय, कागद संपला. तेवढ्यात लाल दिसलं. आणि त्याला लागून, सगळ्यात वर, तुझ्या ठसठशीत अक्षरात, प्रत्येक पत्रात,

मामा.

एकातही चुकली नव्हतीस.